रॅलीच्या मोटारीचें एंजिन



मोटारींच्या स्पर्धेसारख्या विषयावर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, हें आपणांपैकीं पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. मला स्वतःला मोटार हांकतां येत नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. सारें आयुष्य नांदेड जिल्ह्यांतील शाळांतून मुलांना गणित आणि शास्त्र शिकविण्यांत गेलें. परंतु तीन वर्षांपूर्वीं, उन्हाळ्याच्या दिवसांत, माझा एक जुना विद्यार्थी सकाळींच नांदेडास माझ्या दारांत येऊन उभा राहिला. लातूरच्या औद्योगिक वसाहतींत त्याचें मोटारदुरुस्तीचें लहानसें गॅरेज आहे. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, शाळेंतली ब्युरेट आठ दिवस मिळेल काय?"

"गॅरेजांत ब्युरेट कशाला रे?" मीं विचारलें.

"एंजिनाच्या हेडांत किती रॉकेल मावतें तें मोजायचें आहे."

त्याची हकीकत अशी होती. आदल्या वर्षीं त्यानें रॅलीसाठीं एक एंजिन स्वतः बांधलें होतें. भावानें सोयाबीनच्या पैशांतून दिलेली रक्कम आणि स्वतःची दोन वर्षांची शिल्लक त्यांत गेली होती. चांचणीच्या यंत्रावर त्या एंजिनानें अश्वशक्तीचा मोठा आंकडा दाखविला. मित्रमंडळींनीं पेढे वांटले. पण स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशीं, पहिल्याच टप्प्यावर, एक कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. गाडी दोरानें ओढून आणावी लागली. "दोष दुसऱ्या कुणाचा नाहीं, गुरुजी. मी आंकड्याच्या मागें लागलों," तो म्हणाला. "ह्या खेपेस सगळें मोजून करायचें आहे."

शाळेची वस्तु अशी बाहेर देवविणें मला प्रशस्त वाटेना. म्हणून बाजारांतून एक ब्युरेट विकत घेतली आणि ती पोंचविण्याच्या निमित्तानें मीहि लातुरास गेलों. पुढें तें एंजिन पुरें होईपर्यंत मी अनेक वेळां जाऊन त्याच्या गॅरेजांत बसलों. जें शास्त्र मीं तीस-पस्तीस वर्षें फळ्यावर शिकविलें, तें तेथें मला लोखंडांत घडलेलें पाहावयास मिळालें. त्याचीच थोडी ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

रॅली म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. वर्तुळाकार पक्क्या धांवपट्टीवर अनेक मोटारी एकमेकींना मागें टाकीत धांवतात, ती शर्यत निराळी. रॅलींत कच्चे रस्ते, घाट, रानांतील वाटा ह्यांचे कांहीं टप्पे इतर वाहतुकीस बंद करून घेतात, एकेक मोटार ठराविक अंतरानें सोडतात आणि तिला लागलेला वेळ मोजतात. चालकाच्या शेजारीं सहचालक बसतो. पुढचें वळण किती तीव्र आहे, चढ कोठें आहे, हें तो वहींतून वाचून सांगत असतो. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची कमी, तो विजयी. एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत तीच मोटार सामान्य रस्त्यानें, रहदारीचे नियम पाळून न्यावी लागते. आपल्या महाराष्ट्रांत नाशिकच्या आसपास राष्ट्रीय मालिकेंतील अशा स्पर्धा अनेक वर्षीं झाल्या आहेत. आणि हिमालयन रॅली ह्या नांवाची प्रसिद्ध स्पर्धा १९८० सालीं पहिल्यानें निघाली ती आपल्या मुंबईहूनच.

ह्या खेळाचें मर्म एका जुन्या उदाहरणावरून चांगलें कळतें. १९६८ सालीं लंडनपासून सिडनीपर्यंत मोटारींची एक प्रचंड स्पर्धा झाली. नोव्हेंबरच्या २४ तारखेस ९८ मोटारी लंडनहून निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान हे देश ओलांडून त्या दिल्लीवरून मुंबईस आल्या आणि मुंबईच्या बंदरांत 'चुसान' नांवाच्या आगबोटीवर चढविल्या गेल्या, तेव्हां त्यांची संख्या ७२ उरली होती. ऑस्ट्रेलियाचा खंड ओलांडून सिडनीस पोंचल्या त्या ५६. जिंकली ती अँड्र्यू कोवन ह्यांची हिलमन हंटर. एंजिन अवघें १७२५ घन सेंटिमीटरांचें. तिच्याहून कितीतरी बलवान एंजिनांच्या मोटारी त्या स्पर्धेंत होत्या. तात्पर्य, रॅलींत शक्ति लागते हें खरें. परंतु जी शक्ति शेवटच्या मैलापर्यंत टिकत नाहीं, ती असून नसल्यासारखी.

आतां एंजिनाकडे वळूं. श्वासोच्छ्वासाच्या दृष्टीनें मोटारींच्या एंजिनांचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. एका वर्गांत हवा आंत कोंबणारा पंखा असतो. एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर तो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून नळकांड्यांत भरतो. ह्याला टर्बो म्हणतात. दुसऱ्या वर्गांत असें कांहीं नसतें. पिस्टन खालीं उतरतो, नळकांड्यांत पोकळी होते, आणि वातावरणाच्या दाबानें हवा आपोआप आंत शिरते. आपण छाती फुगवितों आणि हवा आंत येते, त्यांतलाच हा प्रकार. पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ह्या १९४६ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें जें फट्फट् करणारें तेलाचें एंजिन गांवोगांवच्या विहिरींवर नेलें, तेंहि ह्याच जातीचें. माझा विद्यार्थी लहानपणीं वडिलांच्या विहिरीवरचें असलेंच एंजिन हँडल मारून चालू करीत असे. यंत्रविद्येची त्याची पहिली शाळा ती, माझी दुसरी.

टर्बोचें एंजिन अधिक बलवान असतें, ह्यांत वाद नाहीं. म्हणूनच स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पेट्रोलवरील टर्बो एंजिनाचें आकारमान १.७ नें गुणून मग त्याचा वर्ग ठरविण्याची पद्धत आहे. तथापि स्वतःच्या श्वासावर चालणारें एंजिन साधें, स्वस्त आणि दुरुस्तीस सोपें असतें. पाय दाबतांच तें प्रतिसाद देतें. आणि त्याची उष्णता आंवरणें सोपें जातें. अशा एंजिनांनीं मोठे पराक्रम केले आहेत. युगांडांत जन्मलेले भारतीय वंशाचे शेखर मेहता ह्यांनीं पूर्व आफ्रिकेंतील अत्यंत खडतर अशी सफारी रॅली १९७३ सालीं आणि पुढें १९७९ ते १९८२ अशी लागोपाठ चार वर्षें, म्हणजे एकंदर पांच वेळां जिंकली. पांचहि वेळां त्यांची मोटार टर्बो नसलेली होती. १९९९ सालीं फिलिप ब्युगाल्स्की ह्यांनीं सिट्रोएन क्सारा ह्या टर्बोविरहित मोटारींतून कॅटालोनिया व कॉर्सिका येथील डांबरी रस्त्यांवरच्या जागतिक रॅली जिंकल्या, त्या चारहि चाकांना जोर देणाऱ्या टर्बो मोटारींना मागें टाकून. आणि अगदीं आपल्या माणसाचें उदाहरण हवें, तर २०२५ सालीं सौदी अरबस्तानच्या वाळवंटांतील डकार क्लासिक ही स्पर्धा पुण्याचे संजय टकले ह्यांनीं टोयोटाच्या ज्या लँड क्रूझर गाडीनें पुरी केली, तिचें सहा नळकांड्यांचें डिझेल एंजिनहि मूळचें टर्बोविरहितच.

अशा एंजिनाची शक्ति वाढवावयाची म्हणजे काय करावयाचें? ह्याचें उत्तर एका लहानशा हिशेबांत आहे. माझ्या विद्यार्थ्यानें घेतलेलें एंजिन मारुती कंपनीच्या जिप्सी व एस्टीम ह्या गाड्यांत असे त्या जातीचें, चार नळकांड्यांचें होतें. नळकांड्याचा व्यास ७४ मिलिमीटर, पिस्टनची धांव ७५.५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचें सूत्र ज्याला येतें त्यानें गुणाकार करून पाहावा: एका नळकांड्याचें घनफळ सुमारे ३२५ घन सेंटिमीटर, आणि चारींचें मिळून १२९८ च्या घरांत. एंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक नळकांडें एकदां भरतें. मिनिटास ६००० फेरे होऊं लागले कीं नळकांडीं पुरतीं भरण्यास मिनिटाला सुमारे ३९०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६५ लिटर हवा लागते. चार मोठ्या घागरी भरतील इतकी ही हवा; आणि ती आंत घेण्यास पिस्टनच्या एका उतरणीला मिळणारा अवधि सेकंदाचा दोनशेंवा भाग!

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. जास्तींत जास्त जोर हवा असेल तेव्हां हें प्रमाण साडेबारा-तेरापर्यंत आणतात, म्हणजे पेट्रोल किंचित् अधिक देतात. पण हवेवांचून नुसतें पेट्रोल ओतून कांहीं साधत नाहीं. पेट्रोल ओतणें सोपें. हवा भरणें अवघड. म्हणून एंजिनाची शक्ति म्हणजे प्रथमतः त्याला मिळालेल्या हवेचें वजन होय. सामान्य एंजिनांत नळकांडें आपल्या मापाच्या शेंकडा ऐशीं-पंचाऐशीं इतकेंच भरतें. उरलेली तूट भरून काढणें, आंत आलेली हवा नीट जाळणें, आणि त्यांतून निघालेला जोर घर्षणांत वाया जाऊं न देणें, ह्या तीन गोष्टींत ही सारी विद्या सामावलेली आहे.

येथें हवामानाचाहि विचार करावा लागतो. समुद्रसपाटीपासून नांदेड सुमारे ३६० मीटर उंच, तर बालाघाटाच्या पठारावरील लातूर सुमारे ६३० मीटर. ह्या उंचीमुळें नांदेडास हवेची घनता शेंकडा तीन-चार आणि लातुरास शेंकडा सहाच्या आसपास कमी भरते. उष्णतेचा परिणाम ह्याहून मोठा. पौषांतील पहाटे पारा १२ अंशांवर असतो आणि वैशाखांतील दुपारीं ४३ अंशांवर चढतो. तेवढ्या फरकानें हवा शेंकडा दहानें विरळ होते. लडाखांतील खारदुंग ला ही खिंड ५३५९ मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या जवळजवळ निम्मा. अर्थात् शंभर अश्वशक्तीचें टर्बोविरहित एंजिन तेथें पन्नासाच्या आसपास येऊन बसतें. ह्यावरून पहिली युक्ति सुचते ती अशी कीं, तापलेल्या एंजिनाभोंवतालची हवा त्यालाच पाजूं नये; गाडीच्या पुढच्या बाजूनें नळी काढून बाहेरची थंड हवा आणावी. ह्यास खर्च थोडा आणि लाभ निश्चित.

दुसरी गोष्ट हेडाची. एंजिनाच्या माथ्यावरील ह्या भागांत हवा आंत येण्याच्या व धूर बाहेर जाण्याच्या वाटा असतात आणि त्या उघडणारे-मिटणारे व्हॉल्व्ह असतात. कारखान्यांतून ओतून आलेल्या हेडाच्या वाटा आंतून थोड्या खडबडीत असतात. जोडाच्या ठिकाणीं एका भागाचें तोंड दुसऱ्याशीं तंतोतंत जुळत नाहीं. हे उंचवटे घासून काढावयाचे, जोड जुळवावयाचे, व्हॉल्व्ह जेथें टेकतो ती बैठक अचूक कोनांत कापावयाची. नवशिका चुकतो तो येथेंच. वाट जितकी मोठी तितकी हवा जास्त, असें समजून तो ती कोरीत सुटतो. शेतांतील पाट पाहा: अरुंद जागेंत पाणी धांवतें, पाट रुंद झाला कीं संथ होतें. वाट फाजील मोठी केली तर मंद फेऱ्यांवर हवेचा वेग मरतो, पेट्रोल तींत नीट मिसळत नाहीं, आणि वळणांतून बाहेर पडतांना गाडी उचल घेत नाहीं.

तिसरी गोष्ट कॅमची. व्हॉल्व्ह केव्हां उघडावा, किती उघडावा आणि केव्हां मिटावा, हें कॅमच्या दांड्यावरील उंचवट्यांचा आकार ठरवितो. हवेलाहि वजन आहे. एकदां वेगानें आंत येऊं लागली कीं पिस्टन तळाशीं पोंचून परत फिरला तरी ती क्षणभर येतच राहते. म्हणून आंत घेणारा व्हॉल्व्ह उशिरां मिटतात. धूर जाण्याचा व्हॉल्व्ह मिटण्याच्या अगोदरच हवेचा व्हॉल्व्ह उघडतात, म्हणजे बाहेर जाणारा धूर आपल्या मागोमाग नव्या हवेला ओढून घेतो. हे अवधि वाढविले तर उंच फेऱ्यांवर एंजिन उत्तम श्वास घेतें. पण मंद फेऱ्यांवर तेंच मिश्रण उलट फिरतें आणि एंजिन गुदमरल्यासारखें धडधडतें. एका टोकाला दिलें तें दुसऱ्या टोकाहून काढून घेतलें, असा हा व्यवहार आहे. वर्तुळाकार धांवपट्टीवर फेरे सदा उंच ठेवतां येतात. रॅलींत मात्र वळण, दगड, चढ, नाला असा क्रम चाललेला असतो. तेथें मध्यम फेऱ्यांवरची ओढ हेंच भांडवल.

हवेच्या व धुराच्या नळ्यांची लांबीहि अशीच तोलून ठरवावी लागते. बासरीच्या नळीची लांबी बदलली कीं स्वर बदलतो, कारण आंतील हवेच्या स्तंभाला स्वतःचें कंपन असतें. व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो तेव्हां नळींत दाबाच्या लाटा पुढें-मागें धांवतात. लांबी योग्य असेल तर नेमक्या वेळीं परत आलेली लाट आणखी थोडी हवा आंत ढकलते, आणि त्या फेऱ्यांवर नळकांडें आपल्या मापाहूनहि किंचित् अधिक भरूं शकतें. लांब नळी मंद फेऱ्यांस मानवते, आंखूड नळी उंच फेऱ्यांस. धुराच्या बाजूस चार नळ्या प्रथम दोनांत आणि मग एकींत मिळविल्या, तर ओढ फेऱ्यांच्या रुंद पट्ट्यांत पसरते. म्हणून रॅलीवाले बहुधा तसें करतात.

आतां ब्युरेट कशासाठीं हवी होती, तें सांगतों. पिस्टन तळाशीं असतांना त्याच्यावर जेवढी जागा असते, ती तो माथ्याशीं आला असतां उरणाऱ्या जागेच्या जितके पट, त्याला दाबाचें प्रमाण म्हणतात. हें प्रमाण वाढविलें कीं तेवढ्याच मिश्रणांतून अधिक काम निघतें. आमच्या नळकांड्याचें घनफळ ३२५. दाबाचें प्रमाण ९ असेल तर माथ्याशीं सुमारे ४०.५ घन सेंटिमीटर जागा उरते. तें ११ करावयाचें तर ३२.५ उरली पाहिजे. सारा फरक आठ घन सेंटिमीटरांचा, चहाच्या दीड चमच्याचा! हेडाची पातळी यंत्रावर किंचित् कापून हा फरक साधतात. परंतु चारहि खोल्या सारख्या मापाच्या आहेत कीं नाहींत, हें डोळ्यांनीं कळत नाहीं.

म्हणून त्यानें हेड उलटें ठेवलें, व्हॉल्व्ह आणि प्लग बसविले, कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन वर भोंक पाडलेली पारदर्शक पाटी दाबून बसविली, आणि ब्युरेटींतून थेंब थेंब रॉकेल सोडलें. शेवटचा बुडबुडा निघून गेला कीं आंकडा वाचावयाचा. हें वाचन मीं केलें. डोळा द्रवाच्या पातळीशीं समांतर ठेवावा, हा धडा शेवटीं माझ्याच उपयोगीं पडला. तीन खोल्यांत जवळजवळ सारखें रॉकेल मावलें. चौथींत सव्वा घन सेंटिमीटर अधिक. ती विषमता त्यानें दोन दिवस घासून सारखी केली. विषमता राहिली असती तर काय झालें असतें? दाब फार वाढला कीं ठिणगीनें पेटलेली ज्योत पसरत असतांनाच उरलेलें मिश्रण स्वतः एकदम भडकतें. गॅरेजांत ह्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडे बसावेत तसा तो मार असतो. ज्या खोलींत दाब सर्वांत अधिक, तेथें तो प्रथम सुरू होतो, आणि त्या एकीच्या भीतीनें बाकीच्या तिघींनाहि मागें ठेवावें लागतें.

आतां पहिलें एंजिन कां मोडलें, तेंहि सांगितलें पाहिजे. ६००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला २०० वेळां थांबतो आणि उलट दिशेनें निघतो. माथ्याशीं थांबतांना त्याचा वेग इतक्या झपाट्यानें पालटतो कीं, तेथें एक ग्रॅम वजनाची ओढ सुमारे दोन किलोंच्या भाराइतकी होते. एका पिस्टनचें वजन दुसऱ्याहून पांच ग्रॅमनें अधिक असलें, तर दर फेऱ्याला दहा किलोंचा हिसका! शिवाय ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. फेरे ६००० चे ७५०० केले, म्हणजे सव्वापट केले, कीं ओढ दीडपटीहून अधिक होते. माझ्या विद्यार्थ्यानें उंच फेऱ्यांचा कॅम घातला होता, पण कनेक्टिंग रॉड व त्यांचे बोल्ट जुनेच ठेवले होते. वर्गाचें कोष्टक त्याला मींच शिकविलें होतें. आंकड्याच्या नादांत तें त्याच्या ध्यानीं राहिलें नाहीं. दुसऱ्या खेपेस त्यानें मजबूत रॉड आणि नवे बोल्ट घेतले, सोनाराच्या कांट्यासारख्या कांट्यावर पिस्टन व रॉड तोलून सारखे केले, क्रँकचा तोल यंत्रावर पाहून घेतला, आणि फेऱ्यांची मर्यादा ६५०० वर बांधली.

एंजिन जुळून झाल्यावर त्याला वळण लावण्याचें काम उरतें. ठिणगी पिस्टन माथ्यावर पोंचण्याच्या अगोदरच द्यावी लागते, कारण ज्योत पसरण्यास वेळ लागतो आणि ६००० फेऱ्यांवर क्रँक सेकंदाच्या सहस्रांशांत ३६ अंश फिरतो. ठिणगी लवकर दिली तर नॉकिंग, उशिरां दिली तर उष्णता धुराबरोबर वाया. कोणत्या फेऱ्यांवर किती अंश आधीं ठिणगी आणि किती पेट्रोल, ह्याचें एक कोष्टकच गाडींतील संगणकांत भरतात. त्यासाठीं गाडीचीं चाकें चांचणीच्या यंत्राच्या रुळांवर फिरवून ओढ मोजतात, आणि धुरांत उरलेल्या प्राणवायूवरून मिश्रणाचें प्रमाण पाहतात. एका वेळीं एकच गोष्ट थोडी बदलावयाची, वहींत लिहावयाची, पुन्हां मोजावयाचें. प्रयोगवहीची ही शिस्त ज्याला नाहीं, त्यानें ह्या कामांत पडूं नये.

मोजलेली ओढ आणि फेरे ह्यांच्या गुणाकारानें अश्वशक्ति निघते. ओढ १०० न्यूटन-मीटर आणि फेरे ६००० असतील तर सुमारे ८४ अश्वशक्ति. म्हणून ओढ न वाढवितां नुसते फेरे वाढवूनहि आंकडा फुगवितां येतो. पहिल्या एंजिनाचें तसेंच झालें होतें. ५५०० च्या खालीं त्याच्यांत जीव नव्हता. दुसऱ्याचा सर्वांत मोठा आंकडा पहिल्याहून लहान भरला. परंतु ३००० पासून ६५०० पर्यंत त्याच्या ओढीची रेषा टेकडीसारखी न चढतां आपल्या पठारासारखी सपाट होती. कागदावरची ती रेषा दाखवितांना त्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. मीं म्हटलें, "पठारावरच शेती होते, सुळक्यावर नाहीं." त्यावर तो हंसला.

राहिल्या त्या न दिसणाऱ्या गोष्टी. जोरानें वळतांना तेलाच्या पात्रांतील तेल एका बाजूस लोटतें आणि पंपाचें तोंड कोरडें पडतें; तेल न मिळालेली बेअरिंग थोड्या वेळांत जळते. म्हणून पात्रांत आडव्या पट्ट्या बसवितात. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठाहून बारीक. हवेच्या गाळणीला बारीकशी फट राहिली तरी ती आंत जाऊन पिस्टनच्या रिंगा कुरतडते. अधिक शक्ति म्हणजे अधिक उष्णता; तेव्हां रेडिएटर मोठा हवा, नळ्या नव्या हव्यात. ह्यांपैकीं कशानेंहि अश्वशक्ति वाढत नाहीं; पण ह्यांवांचून वाढलेली शक्ति मुक्कामास पोंचत नाहीं.

तरुण श्रोत्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हें सारें स्पर्धेच्या मोटारीसाठीं आहे. तिला मोटारस्पर्धांच्या महासंघाचे नियम असतात, तपासणी असते, आंत पोलादी पिंजरा असतो, चालकाला शिरस्त्राण असतें. रस्त्यावरच्या गाडींत मूळ रचनेहून मनास येईल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें मनाई आहे. सायलेन्सर काढून भर वस्तींतून गर्जत जाणें ह्यानें एंजिनाची शक्ति वाढत नाहीं. बहुधा ती घटते, कारण नळीच्या लाटांचा जो हिशेब मीं वर सांगितला तो बिघडतो. वाढतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा त्रास.

त्या वर्षाच्या स्पर्धेंत माझ्या विद्यार्थ्याचा क्रमांक पहिल्या दहांतहि आला नाहीं. निकालाच्या रात्रीं मी जागा होतों. दूरध्वनि आला तेव्हां त्यानें क्रमांक सांगितलाच नाहीं, म्हणाला, "गुरुजी, सगळे टप्पे पुरे झाले. गाडी स्वतःच्या चाकांवर घरीं आणतों आहें." भावाचे पैसे अजून पुरते फिटलेले नाहींत. पण पुढच्या वर्षीं तो भाऊच त्याच्याबरोबर चाकें बदलावयास गेला. एंजिन उघडून पाहिलें तेव्हां चारहि पिस्टनांचे माथे एकाच रंगाचे निघाले. चारहि खोल्यांत सारखी हवा गेली आणि सारखी जळाली, ह्याची ती खूण. मला तरी तें कोणत्याहि ढालीहून मोठें बक्षीस वाटलें.

ती ब्युरेट आतां त्याच्या गॅरेजांत पान्यांच्या शेजारीं, कापडांत गुंडाळून ठेवलेली आहे. हाताखालच्या मुलांना तो ती वापरावयास देतो, परंतु अगोदर वृत्तचितीचें घनफळ काढून दाखवावें लागतें.